शेतातल्या खोलीतली तपासणी

छत्तीस वर्षं खाकी घातली, खून पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं, पण वाशीम जिल्ह्यात ठाणेदार असताना एका केसमध्ये मी जेवढा भ्यालो तेवढा कधीच भ्यालो नाही. नावं कुणाचीच सांगत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

खबर दिली एसटीतल्या वाहक बाईनं. मेडशीच्या रस्त्यावर तिची रोजची फेरी. ती म्हणाली, एक मध्यमवयीन बाई दर आठवड्याला वेगळीच तरुण बाई घेऊन बसते. जाताना त्या बायका बोलत असतात. परतताना पदर तोंडात धरून खिडकीकडे बघत बसतात, तिकिटाचे सुटे पैसेही परत मागत नाहीत. एवढंच. पण रोज माणसं पाहणाऱ्या माणसाची नजर मी कधी हलकी धरली नाही. आठवडाभर साध्या वेशातला माणूस त्या बसमध्ये बसवला आणि कळलं की कुठल्याशा शेतात सोनोग्राफीचं यंत्र आहे. पोटात मुलगा की मुलगी ते तिथे सांगतात, आणि मुलगी असली तर पुढची व्यवस्थाही तिथेच होते.

जागा सापडत नव्हती. आरोग्य खात्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, बनावट गिऱ्हाईक पाठवावं लागेल. आता चोरीचा माल घ्यायला कुणालाही पाठवता येतं. इथे पोटाला उशी बांधून चालत नाही, पोटावर यंत्र फिरणार. खरीच गरोदर बाई हवी होती. ज्यांना विचारलं त्यांनी हात जोडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

शेवटी आमच्याच ठाण्यातली एक शिपाई पुढे आली. चौथा महिना चालू होता. पहिली मुलगी पाच वर्षांची, नवरा शिक्षक, सासर शिरपूर जैनचं. "मी जाईन साहेब," म्हणाली. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. लेखी संमती घेतली, पंच बोलावले, स्टेशन डायरीला नोंद केली.

सकाळी दहाला ती गिऱ्हाईक म्हणून त्या मध्यमवयीन दलाल बाईबरोबर बसमध्ये बसली. मागे आमची खाजगी गाडी. ठरल्याप्रमाणे तिनं आत गेल्यावर फोन वाजवायचा होता. पण मधल्या फाट्यावर त्या बाईनं तिला उतरवलं, फोन काढून घेतला आणि उभ्या असलेल्या कारमध्ये बसवलं. आमच्या आणि त्या कारच्या मध्ये सोयाबीनचा ट्रक आडवा आला. ट्रक हलला तेव्हा रस्ता रिकामा होता.

पाऊण तास तिचा पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर, त्यात शेतांकडे जाणाऱ्या शंभर पांदणी. माझ्या डोक्यात नको ते येत होतं. ओळखलं असेल का तिला? पोटाला काही केलं तर? तेवढ्यात आमच्या एका हवालदाराचा फोन आला. पाठीला फवारणीचा पंप लावून तो शेतमजुराच्या वेशात फिरत होता. त्यानं ती कार एका पांदणीत वळताना पाहिली होती.

धाड घातली तेव्हा ती टिनाच्या खोलीत खाटेवर बसली होती. धडधाकट. कोपऱ्यात युरियाच्या पोत्याखाली यंत्र, शेजारी एक किडकिडीत माणूस. कुठल्याशा दवाखान्यात पूर्वी मदतनीस होता. त्यानं तिला सांगितलं होतं, मुलगी आहे, दोन दिवसांत ये.

जबाब लिहायला बसलो तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "साहेब, त्यानं काय सांगतलं थे लिहू नका. घरी समजलं तं मले जड जाईन."

मी पेन खाली ठेवला. पण लिंग सांगितलं हाच तर गुन्हा. तो शब्द गाळला असता तर खटल्याची कंबरच मोडली असती. मी तिला समजावलं, ती मान हलवत राहिली, आणि मी 'मुलगी' लिहिलं. गावात अशी बातमी जबाबाच्या कागदाआधी घरी पोचते.

दलाल बाई कोठडीत दोन दिवस ढिम्म. नंतर माझ्यावरच उखडली. "मी कोनाले घरून उचलून आनत नाही साहेब. सासवा आनतात, नवरे आनतात. त्यायले काहून नाही पुसत तुमी?" पुसणार कुणाला? एकही घर जबाब द्यायला तयार नव्हतं. ज्याच्या दारी जावं तो म्हणे, आमी त्या बाईले वळखतच नाही.

तिसऱ्या दिवशी तो किडकिडीत माणूस फुटला. ना मारलं, ना दमदाटी केली. मी सहज विचारलं, हे यंत्र वाचायला कुठे शिकलास? तो म्हणाला, "मले त्यातलं काही समजत नाही साहेब. काळंपांढरं हलते, तेवढंच दिसते. मी साऱ्यायले पोरगीच सांगतो."

काहून, म्हणून विचारलं.

"पोरगा सांगतला तं माणूस घरी जाते. पोरगी सांगतली तं परत येते."

आणि कुणी पोट ठेवलं, मुलगा झाला, तर? तर खुश होतात, म्हणाला, भांडायला कोण येते. जबाब लिहून घेणाऱ्या रायटरनं लिहिणं थांबवलं होतं. मी त्याच्यावर खेकसलो.

त्याच संध्याकाळी कळलं की आमची शिपाई चार दिवसांच्या रजेवर सासरी गेली आहे आणि तिचा फोन बंद आहे. मी जीप काढली. आपणच तिला त्या खोलीत पाठवलं, आपणच तो शब्द लिहिला, आता उशीर झाला असेल तर कुठल्या तोंडानं जगायचं, हेच शिरपूरपर्यंत डोक्यात चाललं होतं.

दारापाशी एक पिशवी भरून ठेवलेली होती. वर टॉवेल, थर्मास. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, अशक्तपणा आहे, उद्या अकोल्याला दाखवायला नेतो. ती आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी सांगत नाही.

कायदा सांगायलाच मी गेलो होतो. पण ती पिशवी पाहिली आणि माझं अवसान गेलं. म्हटलं, धमकावलं तर आज थांबतील, परवा नेतील. तपासातली गोष्ट बाहेर बोलायची नसते, तरी तिच्या म्हाताऱ्या सासूसमोर मी बोललो. तो माणूस खोटारडा आहे, यंत्रातलं त्याला काही कळत नाही, तो सगळ्यांना मुलगीच सांगतो.

म्हातारीनं मान वर केली. "म्हंजे पोरगाबी असू शकते?"

"असू शकतो की," मी म्हणालो.

म्हातारी उठली, पिशवी उचलून आत घेऊन गेली आणि चहा मांडला. मी तो चहा प्यालो. खरं सांगतो, मला त्या वेळी मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

म्हातारीच्या तोंडून ती गोष्ट पंचक्रोशीत गेली. आठवड्यात एक शेतकरी ठाण्यात आला, मागे त्याची सून. त्याला तक्रार द्यायची होती, फसवणुकीची. "माह्या नातवाले मारलं साहेब, खोटं सांगून." नातूच होता हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी विचारलं, आणि खरंच मुलगी असती तर? "तं मंग गोष्ट येगळी," तो म्हणाला. सून फरशीकडे बघत होती. मी जबाब वाचून दाखवला. त्यानं ठसठशीत सही केली. आपणही त्यात आरोपी होतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्यामागून आणखी घरं आली. इतके दिवस वाचा गेलेली माणसं नातवासाठी रडत होती. खटला त्यांच्याच जबाबांवर उभा राहिला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

आमच्या शिपाईला मुलगी झाली. त्या किडकिडीत माणसानं एकदा तरी खरं सांगितलं होतं, न कळता. बाळंतपणाची रजा संपवून ती हजर झाली, सॅल्यूट केला आणि उभीच राहिली.

"साहेब, तुमी त्या दिवशी आले नसते तं माही पोर वाचली नसती. थे मी विसरनार नाही," ती म्हणाली. "पन मले वाटलं होतं तुमी म्हनसान, पोरगी असली तं पोरगी. तुमी म्हटलं असतं तं सासूनं कदाचित आयकलं असतं."

ऐकलं असतं का? मला माहीत नाही. मी म्हणून पाहिलं नाही, एवढं मात्र खरं. लोकांच्या मनातलं ओळखून बोलायला पोलिसाला शिकवावं लागत नाही, आणि मी तेच केलं. तो माणूस ज्या हावेवर धंदा करत होता, त्याच हावेला मी आशा दाखवली. जीव वाचला, म्हणून कुणी मला जाब विचारला नाही. तिनं विचारला, तोही मान राखून.

ती मुलगी आता शाळेत जाते, हुशार आहे म्हणतात. आपण कशामुळे वाचलो हे तिला कधी कुणी सांगेल का, याचीच मला आता भीती वाटते.