आबांची साडेअकराची वेळ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं मी शिकवते त्या शाळेतली मुलं म्हणतात आणि शिक्षकांपैकीही कुणी ते खोडून काढत नाही. पण त्या दिवशीच्या रागाला जबाबदार मीच होते. पवना धरणाच्या काठी दोन दिवसांचा संगीत महोत्सव होणार आणि त्यात ‘स्थानिक कलाकारांना’ संधी मिळणार, अशी जाहिरात मी फोनवर पाहिली आणि कुणाला काही न विचारता आबांच्या भजनी मंडळाचा फॉर्म भरून टाकला. आबा म्हणजे माझे वडील. बेडशाला राहतात, भाताची शेती करतात आणि मिसरूड फुटल्यापासून मंडळात पखवाज वाजवतात.

फॉर्म भरण्यात माझा स्वार्थ होता. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं वर्षभर बधिर होत चालली होती. मानेतली नस दबलीय, ऑपरेशन करावं लागेल, पण बोटं पहिल्यासारखी होतील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. या उन्हाळ्यानंतर पखवाज दुसऱ्याच्या हातात द्या, असं आबांनी मंडळाला सांगूनही टाकलं होतं. आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांना समोर बसून कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणी भजनात बायकांच्या मागे आईच्या मांडीवर मला झोप लागायची. मग शिक्षणासाठी तळेगाव, मग लग्न, नोकरी. सप्त्याला माहेरी गेले की मी पंगतीच्या पोळ्या लाटायला. पखवाज मला नेहमी भिंतीपलीकडूनच ऐकू आला. एकदा पहिल्या रांगेत बसून ऐकायचा होता, एवढंच.

“तितं भजन ऐकत्यात का लोकं?” आबांनी विचारलं होतं.

“ऐकतात की,” मी ठोकून दिलं.

एप्रिलचा शेवटचा शनिवार होता. मंडळाला साडेअकराची वेळ दिली होती, चाळीस मिनिटांची. आम्ही नऊलाच जीप काढली. बुवा, म्हणजे मंडळाचे गाणारे, पेटीवाले, तीन टाळकरी, आबा आणि मी. पवनानगरच्या पुढे गाड्यांची रांग लागली आणि आमची जीप महोत्सवाच्या माणसांनी एका नांगरून ठेवलेल्या खाचरात लावायला लावली. तिथून महोत्सवाचं फाटक दीडेक किलोमीटर. ढेकळांतून पेटी आणि पखवाज खांद्यावर घेऊन सगळे चालले. धरणाचं पाणी आटून काठाला भेगा पडल्या होत्या. सावली म्हणाल तर आमची आमच्या पायाखाली होती तेवढीच.

फाटकावर पिशव्यांची तपासणी. आबांच्या पिशवीतून आधी हातोडी निघाली. पखवाजाच्या चामडी वादीत अडकवलेले लाकडी गट्टे ठोकून सूर लावायला ती लागते, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग निघाला पिठाचा डबा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय ते घुमत नाही, नुसतं टणटण वाजतं. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची आणि पुढच्या वेळी ताजी लावायची. म्हणून आबांच्या पिशवीत गव्हाचं पीठ असतंच.

“पीठ न्हाई चालायचं,” रखवालदार म्हणाला. “बाहेरचं खानं आत न्यायला बंदी हाय.”

“अहो, हे खायचं नाहीये. वाजवायचंय.”

“ठावं हाय मला, ताई. माझा चुलता वाजवतो पखवाज. पन वर कॅमेरा हाय.”

मी भांडायला तोंड उघडलं. आबांनी माझं कोपर धरलं. “ऱ्हाऊ दे. एवढी मानसं जेवनार म्हनल्यावर आत कुटंबी कणीक मिळंल.” आबांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या गावात दहा माणसं जमली तरी परातभर कणीक मळली जाते. बाहेर कुणाकुणाच्या जप्त केलेल्या शेंगदाण्याच्या पुड्या आणि वडापाव पडले होते, त्यांच्या शेजारी आमचा डबा ठेवला गेला.

आत पंचवीस-तीस खाण्याचे स्टॉल होते आणि एकाकडेही गव्हाची कणीक नव्हती. पिझ्झावाल्याकडे मैदा. मोमोवालीकडे मैदा. एका स्टॉलवर धान्य पाखडायचं सूप लटकवलं होतं आणि ‘अस्सल गावरान’ अशी पाटी होती, तिथल्या पोळ्या पुण्याहून तयार होऊन आल्या होत्या! आबांनी मैदा लावून पाहिला. हाताला चिकटून निम्मा परत आला. शेवटी मंचाच्या मागे, कामगारांचं जेवण शिजत होतं त्या तंबूत एका आचाऱ्याने मला मळलेल्या कणकेतून मूठभर गोळा तोडून दिला. काही विचारलं नाही, पैसे घेतले नाहीत. अकरा पंचवीसला मी तो गोळा ओढणीत धरून धावत आले. घामाने डोळे चुरचुरत होते, पण मनात म्हटलं, जिंकलो.

आबांनी कणीक थापली, हातोडीने दोन ठोके देऊन सूर जुळवला आणि सगळे उठून उभे राहिले. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्रांचा जुडगा घातलेली समन्वयक मुलगी आली. “काका, थोडा डिले आहे. तुमचं एक वाजता घेऊ.”

आमच्या छोट्या मंचाला त्यांनी मातीशी नातं सांगणारं काहीतरी नाव दिलं होतं. मंचावर काळं कापड, मागे काळं कापड, शेजारी जनरेटर. त्या कापडाच्या आडोशाला आम्ही बसलो. आबांनी ओला पंचा कणकेवर टाकला. अर्ध्या तासात पंचा कडक वाळला आणि कणकेला तडे गेले. पिण्याच्या पाण्याची रांग लांबलचक होती, त्यात मी दोनदा उभी राहिले. आचाऱ्याकडे पुन्हा गेले. त्याने पुन्हा गोळा दिला. आबांनी वाळलेली खरवडली, नवी लावली.

एक वाजता ती मुलगी म्हणाली, “अडीच.”

नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे तर घडा संपून तेल्याच्या दारात जायची पाळी आली होती. बुवांनी गळा कोरडा पडू नये म्हणून बोलणंच बंद केलं. पेटीवाल्यांचं डोकं दुखायला लागलं. आबा मात्र शांत. मधूनमधून उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत होते. ते पाहिलं की मला रागच यायचा. मला दुसरं काही येत नाही. एकदा मी म्हटलं, “आबा, जाऊया घरी.” तर म्हणाले, “आलोय ना? मग वाजवून जाऊ. तुला ऐकायचंय न्हवं?”

मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

अडीचला ती मुलगी पुन्हा आली. बिचारीचा चेहरा उन्हाने रापला होता, पण मला तेव्हा दया वगैरे काही आली नाही. “काका, तीन पन्नास नक्की. फक्त दहा मिनिटं मिळतील हं.”

चाळीसची दहा! माझ्या डोक्यात जाळ झाला. “ऑफिस कुठे आहे तुमचं?” मी विचारलं. तिने मोठ्या मंचाच्या पलीकडे बोट दाखवलं.

“जाऊ दे गं,” आबा म्हणाले. “धा तर धा. तू बस हितंच.”

“आत्ता येते,” म्हणून मी निघाले.

गर्दीतून वाट काढायलाच वीस मिनिटं लागली. मोठ्या मंचावरचे ठोके छातीत आदळत होते. ऑफिस म्हणजे लोखंडी पेटाऱ्यासारखी एक खोली, आत एसी. तिथल्या साहेबाने मला बसवलं, थंड पाणी दिलं आणि स्वतः फोनवर बोलत बसला. फोन संपल्यावर मी सुरू झाले. पीठ, मैदा, तडे गेलेली कणीक, आबांची बोटं, सगळं सांगितलं. तुम्हाला पोस्टरवर लावायला गाव हवं, गावची माणसं नकोत, असंही सुनावलं. मी चांगली बोलते. शाळेत संस्थाचालकांसमोरही मीच बोलते. साहेब मान हलवत होता. “मॅडम, तुमचं अगदी बरोबर आहे,” म्हणाला आणि पाच वाजताची वीस मिनिटं मंजूर केली. मी ते त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं. घड्याळात साडेतीन वाजले होते. थंड हवेत आणखी दोन मिनिटं बसले, घाम पुसला, दुसरा ग्लास पाणी प्यायले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

परत पोचले तेव्हा छोट्या मंचावर कुणीतरी गिटारच्या तारा जुळवत होतं आणि आबा मागे बसून अंगठ्याने पखवाजावरची कणीक खरवडत होते.

आमच्या आधीच्या गायिकेला उन्हाची चक्कर आली होती. मंच रिकामा पडला म्हणून आमच्या माणसांना तीन वाजून दहा मिनिटांनी वर चढवलं होतं. दिवसभरात वेळेआधी झालेली ती एकुलती एक गोष्ट.

“आबा, पाच वाजता वीस मिनिटं मिळालीत,” मी कागद पुढे केला. “पुन्हा वाजवा. कणीक मी आणते.”

“आता न्हाई.”

“पाणीही आणते. थोडा वेळ टेका, मग…”

“कणकीचं न्हाई गं. हात संपला.” त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला होता, बोटं अर्धवट वळलेली, आणि ती सरळ करायचा ते प्रयत्नही करत नव्हते. मग वर पाहून त्यांनी विचारलं, “ऐकलंस का?”

वर्गात मुलं खोटं बोलली की मला त्यांच्या डोळ्यांवरून कळतं. मी पिशवी आवरायचं निमित्त करून मान खाली घातली आणि म्हटलं, “ऐकलं की. मागून ऐकलं. छान झालं.”

“मग बरं,” आबा म्हणाले.

ऊन तसंच होतं. ढेकळांतून आम्ही परत जीपपर्यंत चालत आलो. पखवाज या वेळी एका टाळकऱ्याने घेतला. आबांचं वाजवणं फोनवर कुणी टिपून ठेवलंय का, हे विचारायला माझी जीभ वळवळत होती, पण विचारणार कशी? ऐकलं, असं मीच म्हणाले होते ना! मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. आबा आणि बुवा माझ्या मागच्या सीटवर होते. गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर बुवांनी दिवसभर राखलेला गळा मोकळा केला.

“दहातली तीन मिन्टं तर आबांनीच खाल्ली,” ते हसत म्हणाले. “हात पखवाजावर, आन् सुरूच करंनात. म्हनं पोरगी येऊ द्या. ती सायबीन वरडाय लागली, सुरू करा न्हाईतर उतरा, तवा कुटं पहिली थाप मारली. मारली तरी नजर सगळी तिकडंच, गर्दीकडं. कुटं गेलतीस गं तू?”

मी साहेबाच्या कागदाची घडी घालत राहिले. मला मागे वळून बघवेना.

“आसंल कुटंतरी,” शेवटी आबाच म्हणाले. “ऊन का कमी व्हतं? बसली आसंल सावलीला. तितनं ऐकलं तिनं.”

मी सावलीलाच होते.