आचाऱ्याची शेवटची सहल

सहल कंपनीत त्यांना सगळे दाजी म्हणत. वास्तविक ते एकट्या बारक्याचे दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण बारक्या स्वयंपाकात त्यांचा जोडीदार असल्यामुळे ही हाक दिवसातून शंभरदा कानावर पडे, आणि पुढे ती ड्रायव्हरपासून व्यवस्थापकापर्यंत साऱ्यांच्याच तोंडी बसली. बारक्या स्वतः पन्नाशीचा आहे आणि अरुंद दारातून त्याला तिरके व्हावे लागते. त्याचे नाव कधी आणि कोणी ठेवले, हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही.

परदेशी सहलींबरोबर जाऊन प्रवाशांना दोन्ही वेळा घरच्यासारखे जेवण रांधून घालणे हे दाजींचे काम. ते एकवीस वर्षे केल्याचे ते सांगतात. पासपोर्टांवरच्या शिक्क्यांवरून मोजली तर ती एकोणीसच भरतात. या एकोणीस वर्षांत परदेशातले अन्न त्यांनी जवळजवळ चाखले नव्हते. प्रवासी राजवाडे आणि पूल पाहत असत, तेव्हा दाजी हॉटेलच्या मागच्या खोलीत कांदे चिरत असत.

तीन वर्षांपूर्वी त्यांना आठ दिवस ताप आला. ताप उतरल्यावर एका सकाळी ते शेगडीसमोर वर्तमानपत्र वाचत बसले होते. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, न्हाणीघरातून धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. दूध करपून पातेले काळे झाले होते. "अहो, नाकासमोर जळतंय आणि तुम्ही वाचताय काय?" असे त्या म्हणाल्या. दाजींनी उठून आधी मिठाच्या आणि मग साखरेच्या बरणीत बोट घातले. जिभेवर दोन्ही वेळा वाळूच लागली.

डॉक्टर म्हणाले, चव परत येईल. सहा महिन्यांनी म्हणाले, येऊही शकेल. त्यानंतर दाजी डॉक्टरांकडे गेले नाहीत.

कंपनीला त्यांनी काही सांगितले नाही. काकूंनी कितीदा विनवले, "सांगून टाका एकदा. माणसं आहेत, खाणार आहेत का तुम्हाला?" यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे: "सांगितलं की मी कोण उरतो?" त्यांनी सोनाराकडे असतो तसा लहान काटा घेतला आणि वही घातली. माणसे किती, डाळ किती, मीठ किती, सारे ग्रॅममध्ये. ही वही मी पाहिली आहे. अक्षर सुरेख आहे, खाडाखोड फार कमी आहे, आणि 'चव' हा शब्द तिच्यात कोठेही आलेला नाही. फोडणी ते कानाने ओळखत, कांदा डोळ्याने, पीठ बोटांनी. एक जुनी लकब मात्र त्यांनी जाणूनबुजून टिकवली. डावातला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि मान डोलवायची. पाहणाऱ्याला वाटे, चव घेतली.

तीन वर्षांत जेवणाविषयी एकही तक्रार आली नाही. काट्याने आपल्याला तारले, असे दाजी धरून चालले होते.

गेल्या वर्षी कंपनीने वेगळ्या प्रकारची सहल काढली. सोळा प्रवासी, अकरा दिवस, आणि एका परदेशातल्या खेड्यापाड्यांतले स्वयंपाक. रोज एका घरी जायचे, घरच्या बाईबरोबर रांधायचे, दुपारी तिच्याच टेबलावर जेवायचे; रात्रीचे जेवण दाजींनी करायचे. व्यवस्थापकाने दाजींना बोलावून छापलेले पत्रक पुढे ठेवले. त्यावर दाजींचे छायाचित्र होते. "यंदा सगळी भिस्त तुमच्या जिभेवर, दाजी," तो म्हणाला. नाही म्हणण्यासाठी कारण द्यावे लागले असते. दाजी हो म्हणाले, आणि त्या आठवड्यात त्यांचे जेवण निम्म्यावर आले, असे काकू सांगतात.

घरोघरच्या बायकांजवळ मापे नव्हती. त्या मुठीने घालत, चिमटीने घालत, बोलता बोलता घालत. दाजी प्रत्येक मुठीखाली आपला काटा धरत आणि आकडा लिहून झाल्यावरच ती मूठ पातेल्यात जाऊ देत. चौथ्या घरातली बाई हसून काहीतरी म्हणाली. सहलीबरोबरच्या दुभाषी मुलीने ते सांगितले, "त्या विचारताहेत, हे तुम्ही शिजवणार आहात की विकत घेणार आहात?" सोळाही प्रवासी हसले. दाजीही हसले आणि आकडा लिहिला.

सातव्या दिवशी ते डोंगराजवळच्या एका गावात पोहोचले. तेथे मुक्काम तीन दिवसांचा होता. यजमानीण साठीच्या घरातली, रुंद हातांची बाई. घरात नवरा, म्हातारे सासरे, सून आणि चार वर्षांची नात. पहिल्या दिवशी तिने मिठाच्या पाण्यात मुरवलेली पाने आणि घेवड्याच्या बिया घालून मोठे पातेलेभर रस्सा केला. दाजींनी नेहमीप्रमाणे सारे लिहून घेतले. मीठ अठ्ठावन्न ग्रॅम.

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी रांधायचे आणि घरच्यांनी नुसते बसायचे, असे ठरले होते. बारक्याला व्यवस्थापकाने सकाळीच शेगड्या आणि भांडी घेऊन पुढच्या मुक्कामी धाडले होते. दाजींनी बरणीतून पाने काढली, चिरली, पातेल्यात घातली आणि अठ्ठावन्न ग्रॅम मीठ टाकले. थेंब तळहातावर घेतला, चाटला, मान डोलवली. यजमानीण दारातून पाहत होती. तिनेही मान डोलवली.

पुढच्या प्रसंगाविषयी मला दोन साक्षी मिळाल्या. एक दाजींची. दुसरी सहलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची, ज्यांना सगळे बाई म्हणत. दोघांच्या सांगण्यात पदार्थांचा क्रम वेगळा आहे, पण मुख्य गोष्ट एकच आहे.

यजमानीणबाईने पहिला घास घेतला आणि ती क्षणभर थांबली. मग हसली आणि तिने वाटी पुन्हा पुढे केली. नवऱ्याने खाल्ले. सासऱ्यांनी पाव बुडवून बुडवून खाल्ले. "मला वाटलं, त्यांना असंच लागत असेल," बाई मला म्हणाल्या. "एवढं आवडीनं खाताहेत म्हटल्यावर आपण कसं तोंड वाकडं करायचं? मी दोन वाट्या संपवल्या. जीभ सोलून निघाली हो."

दाजी टेबलाच्या टोकाशी उभे होते. तीन वर्षांत त्यांना इतके हलके कधी वाटले नव्हते, असे ते सांगतात. मग नातीने घास तोंडात घातला, दोन बोटांनी बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. यजमानीणबाईने बोलणे न थांबवता हात लांब केला, तो घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

दाजी स्वयंपाकघरात गेले. तेथे म्हातारे सासरे नळाखाली पेला धरून उभे होते. दाजींना पाहताच त्यांनी पेला मागे लपवला आणि पोटावरून हात फिरवून, छान झाले, अशी खूण केली.

जेवणे उरकल्यावर दाजींनी दुभाषी मुलीला बाजूला घेतले. या मुलीशी माझी गाठ पडू शकली नाही, त्यामुळे यजमानीणबाईचे शब्द येथे दाजींच्या आठवणीतून दिले आहेत.

"त्यांना विचार, रस्सा कसा झाला होता."

"त्या म्हणताहेत, फार छान."

"ते ऐकलं मी. खरं काय ते विचार."

मुलीने दोनदा विचारले. यजमानीणबाई हात पुसत राहिली. मग म्हणाली, "खारटपणा जायला पानं दोन पाण्यांतून काढावी लागतात. पहिल्या दिवशी तुम्ही यायच्या आधीच मी काढून निथळत ठेवली होती. सांगायचं राहिलं, चूक माझी आहे." थोडे थांबून तिने विचारले, "पण तुम्ही तर चाखलं होतंत. मी बघितलं. मला वाटलं, तुमच्याकडे असंच खातात."

"मला चव लागत नाही," दाजी म्हणाले.

"आज?" मुलीने विचारले.

"तीन वर्षं झाली."

काकू, डॉक्टर आणि बारक्या सोडले तर हे वाक्य ते प्रथमच कोणापुढे उच्चारत होते. मुलीने ते तिच्या भाषेत सांगितले. ते फारच छोटे झाले, चार-पाच शब्दांचे. यजमानीणबाईने दाजींच्या हातावर हात ठेवला आणि काळजीने विचारले, "मग तुमच्या हातचं लोक रोज कसं खातात?"

या प्रश्नात टोमणा नव्हता, असे दाजी आवर्जून सांगतात. पण पुढच्या मुक्कामापर्यंतच्या चार तासांत गाडीत त्यांना दुसरे काही ऐकू आले नाही. आजवरच्या सहलींत गावोगावचे मीठ कधी जाडे असे, कधी बारीक. टोमॅटो कुठे आंबट, कुठे गोड. काट्याला यातले काय कळणार होते? मग तीन वर्षांत एकदाही चुकले कसे नाही?

बारक्या नव्या जागी पीठ मळत होता. दाजींनी दार लावून घेतले.

"बारक्या, माझ्या मागे तू काय करतोस?"

"काय करतो म्हणजे? कांदे सोलतो, शिव्या खातो."

"मिठाचं विचारतोय मी."

बारक्याचे हात परातीत थांबले. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. तू सांग."

"तुम्ही वाढप बघायला बाहेर जाता ना, तेव्हा जरा बघतो. कमी असलं तर घालतो. जास्त झालं तर बटाटा टाकतो, नाहीतर पाणी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"तुझ्या ताईला माहीत आहे?"

"ताईनंच सांगितलं होतं, दाजी. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, माणूस हाय खाईल." मग तो घाईने म्हणाला, "रोज नाही हो करावं लागत. डाळीला तर कधी हातसुद्धा लावला नाही मी."

"खरं?"

"खरं."

दाजी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या चेहऱ्यावर तीन वर्षे त्यांना काही दिसले नव्हते, आणि आताही काही दिसत नव्हते.

संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनी एकट्याने केला. बारक्याला हात लावू दिला नाही. भाजी झाल्यावर डावातला थेंब घेऊन त्यांनी तळहात बारक्यापुढे धरला. "बरोबर आहे," बारक्या म्हणाला. दाजींनी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले. तेव्हा दाजी डाव हातात घेऊनच जेवणघरात गेले. सोळाजण नुकतेच बसले होते.

"मला चव लागत नाही," दाजी सर्वांना म्हणाले. "तीन वर्षं झाली. आजची भाजी कशी झाली आहे ते खाऊन सांगा. राग येणार नाही मला. मीठ कमी की जास्त, एवढंच सांगा."

सगळ्यांनी एक-एक घास घेतला. मग सगळे एकदम बोलू लागले. "छान आहे, दाजी." "अहो, नेहमीसारखीच आहे." "तुमच्या हाताला काय झालंय?" एका गृहस्थांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दाजी एकेकाच्या ताटापाशी थांबत पुढे सरकत होते.

"किंचित कमी आहे," बाई म्हणाल्या, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पतींनी टेबलाखालून त्यांचा हात दाबला.

दाजी वळले. "काय म्हणालात, बाई?"

"काही नाही."

"नाही, म्हणालात तुम्ही. परत सांगा. तेवढं एकदा परत सांगा."

"ते माझ्याकडे असे बघत होते," बाई मला म्हणाल्या, "की मी ताटाकडे बघू लागले. एवढ्या माणसांत त्यांना आणखी कुठं कमीपणा आणायचा? मी म्हटलं, तसं काही नाही हो, दाजी. छान झाली आहे."

भाजीत मीठ खरोखर कमी होते का, हे मी बारक्याला विचारले. तो म्हणाला, आठवत नाही. इतर तिघा प्रवाशांना विचारले; एक कमी म्हणतो, एक जास्त, एकाला जेवणच आठवत नाही.

दाजींनी डाव टेबलावर ठेवला. सहलीचे उरलेले दोन दिवस बारक्याने रांधले. त्यानंतर दाजींनी कोठेच स्वयंपाक केलेला नाही, घरीही नाही. काकू, बारक्या आणि ते स्वतः, या तिघांच्या सांगण्यात मला पूर्ण मेळ आढळला तो एवढ्याच एका बाबतीत.