आडात नाही तरी पोहऱ्यात

ढोकीच्या रस्त्यावर आमची शाळा आहे, तिथं मी कॉम्प्युटर शिकवते. खोलीभर मुली आणि इंटरनेटची लाईन बारकी. सगळ्यांनी एकदम धडा उघडला की पडद्यावर नुसती गोल चकरी फिरायची. मुली कंटाळून ती चकरी वहीत काढायला लागल्या, तेव्हा मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, "मॅडम, आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार? शनिवारचा तास बघतो. न्हाय चाललं तर कॉम्प्युटर बांधून ठिवा, खोलीत तांदळाची पोती लावतो." पोषण आहाराची पोती त्यांच्या ऑफिसात पडली होती, त्याचा राग माझ्या खोलीवर. मला असा संताप आला की डबासुद्धा गोड लागेना.

अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर मी पुसून घेतला. आमच्याकडं नळ आठवड्यातनं एकदा येतो, म्हणून घरोघर टाकी भरून ठेवतात. तसंच करायचं होतं. धडा एकदाच बाहेरून आणायचा, या कॉम्प्युटरनं साठवायचा, आणि मागेल तिला तिथनंच द्यायचा. राऊटरला सांगितलं, बाबा, कुणीही काही मागू दे, आधी या म्हाताऱ्याकडं पाठव. झालं, सगळंच बंद पडलं. दुपारभर राऊटरला शिव्या घातल्या, मग ध्यानात आलं. म्हाताऱ्याजवळ धडा नसला की तो बाहेर मागायला निघायचा, आणि राऊटर त्यालाही वळवून त्याच्याच दारात आणून सोडायचा. कुणीही म्हणजे कुणीही, लई हुकमाचा ताबेदार. मी एकटीच खोलीत हसत सुटले. म्हाताऱ्याला तेवढी थेट बाहेर जायची सूट दिली आणि धडा एकदा उघडून साठवून ठेवला.

शनिवारी मोठे सर हाताची घडी घालून दारात उभे राहिले. मुलींनी हृदयाचा धडा उघडला. तेवढ्यात बाहेर कडकन् आवाज झाला. उसाचा ट्रॅक्टर चालला होता, ट्रॉली आभाळाला टेकलेली, आणि आमच्या इंटरनेटची वायर उसात अडकून तुटलेली. हंगामात हे व्हायचंच, पण आजच व्हायचं होतं का? सर रस्त्यावर गेले, ड्रायव्हरला झाप झाप झापलं आणि तुटकी वायर हातात घेऊन परत आले.

"आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास," ते म्हणाले. "बांधा मॅडम कॉम्प्युटर."

मी वळून बघितलं, मागं ठोके ऐकू येत होते. एकूण एक पडद्यावर हृदय चालू होतं. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, जरा बाजूला व्हा की, दिसंना."

सरांनी वायरीकडं बघितलं, मग पडद्याकडं. "हे कुठनं यायलंय?"

"पोहऱ्यातनं, सर," मी म्हणाले. हसू काही दाबता येईना. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सर तास संपेपर्यंत वायर धरून तिथंच उभे होते. तांदळाची पोती अजून त्यांच्याच ऑफिसात आहेत. आता सर पोत्यांना टेकून चहा पितात.