पुरानंतर येणारा माणूस

आमच्या वीज उपकेंद्राच्या फाटकाशी आले की ते आधी बूट काढत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडत आणि अनवाणीच गाळात उतरत. "बुटाले चिखल कळत नाई, बाई," म्हणत.

विमा कंपनीचे सर्वेअर होते ते. वैनगंगेचा पूर ओसरला की चंद्रपूरहून एसटीने यायचे आणि ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, केबल, काय बिघडलं नि काय वाचलं ते तपासायचे. मी तिथल्या ऑफिसात टायपिस्ट.

सर्वेअर म्हटलं की तुमच्याही डोळ्यांपुढे नाक मुरडून आकडे छाटणारा माणूस येत असेल. हे तसे नव्हते, पण भोळेही नव्हते. एकदा आमच्या इंजिनिअरसाहेबांनी कोपऱ्यातला जुना जळका ट्रान्सफॉर्मर पुराच्या नुकसानीत ढकलला. यांनी त्यावर टिचकी मारली. "हा तर उन्हाळ्यातच मेला होता, साहेब. याचं मयत नदीच्या नावावर काऊन टाकता?" साहेबांनाही हसू आवरेना. मग यांनीच भिंतीवरचा पंखा दाखवला, "हा खरा बुडाला. हा लिहाचा राह्यला."

मला विचारलं, "तुमचं काय गेलं, बाई?"

"माझा डबा वाहून गेला. तो का विम्यात बसते?"

"नाई बसत," ते गंभीरपणे म्हणाले. पुढच्या पुरानंतर आले तेव्हा पिशवीत स्टीलचा नवा डबा होता. रिकामा देऊ नये म्हणून आत चिवडा.

मला ते आवडत होते. त्यांच्या घरी कोण होतं ते मी विचारलं नाही, माझ्या घरचं त्यांनी विचारलं नाही. आषाढ सरताना सारं गाव धास्तीनं नदीकडे पाही. मी मात्र, सांगायला लाज वाटते, वाट पाही. पाप लागेल असं वाटे, तरी चांगली साडी इस्त्री करून ठेवत असे.

एका साली पाणी खिडकीच्या वर गेलं. गाव कितीतरी दिवस अंधारात होतं. दवाखान्यात एक बाळंतपण कंदिलाच्या उजेडात झालं. तपासणी आटोपून ते पायरीवर पाय धूत बसले होते. म्हणाले, "हे सारं वरच्या टेकाडावर न्या. दर साली लोकाइनं अंधारात काऊन राहाचं? मी तशी शिफारस करून राह्यलो."

"मंग तुमचं येणंच बंद होईन ना!" साहेब चेष्टेत म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच टेबलावरचे कागद सारखे करत होते.

"बंद व्हालेच पाहिजे," ते हळूच म्हणाले. त्या दिवशी चहा मात्र त्यांनी दोनदा मागितला.

जागा बदलण्याचा प्रस्ताव मीच टाइप केला. एकही चूक होऊ दिली नाही.

उपकेंद्र टेकाडावर गेलं. पुढचे दोन पावसाळे साधेच गेले आणि तिसऱ्या साली वैनगंगा पुन्हा गावात शिरली. जुनं फाटक पाण्याखाली गेलं, वर थेंबही आला नाही. संध्याकाळी गावभर दिवे लागले. लोक साहेबांना पेढे देऊन गेले.

चंद्रपूरचा नंबर मला पाठ होता. मी रिसीव्हर उचलला. पण तिथे फोन करायचा तो नुकसान कळवायला. तेवढ्यात साहेब दारातून आनंदानं ओरडले, "काईच नुकसान नाई झालं बाई, काईच नाई!"

मी हो म्हटलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.