सोमवारची झाडलोट

आमच्या झाडूमास्तरांना कोणी चिडलेलं पाहिलं नसेल, आणि दुसऱ्याची फाइल उघडताना तर नाहीच नाही. संस्थेच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक कोंदट खोली होती. तिथे ते सर्व्हर सांभाळायचे आणि शेजारच्या टेबलावर मी. बारा वर्षं काढली आम्ही तिथे. वरच्या दोन मजल्यांवर अंथरुणाला खिळलेले ऐंशी रुग्ण. त्यांची औषधं, त्यांचे रिपोर्ट, खाटेजवळचं मदतीला बोलावण्याचं बटण, सगळा डोलारा या एका जुनाट मशीनवर. नवीन मशीन मागितलं की व्यवस्थापक म्हणत, चालतंय ना, मग चालू द्या.

त्याचा सिस्टिम ड्राइव्ह, म्हणजे मशीन स्वतः ज्याच्या जोरावर उभं असतं तो कप्पा, अगदी एवढासा. तो भरला की सगळं ठप्प. म्हणून दर सोमवारी सकाळी मास्तर बाह्या सरसावून बसत. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते क्रमाने लावून घेत, जुन्या अपडेटचा गाळ उपसत, आणि एक जीबीच्या वरची लॉगफाइल, म्हणजे एखाद्या प्रोग्रामने आपली आपण लिहिलेली नोंद, दिसली की उडवत. न उघडता.

"किती आहे ते बघायचं, काय आहे ते नाही. झाडायला आलेल्या माणसाने लोकांची कपाटं उघडू नयेत," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मला तेव्हा ते फार सभ्यपणाचं वाटलं होतं.

वर्षभर एक फाइल त्यांना छळत होती. दर आठवड्याला दहा-बारा जीबी फुगायची. बटणांच्या प्रोग्रामची होती. मास्तरांनी कंपनीला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, खुशाल उडवा, काही बिघडत नाही. मास्तरांनी तिचं नाव खादाडबाई ठेवलं. सोमवारी चहाच्या वेळी मी विचारायची, खादाडबाईंनी किती हाणलं, आणि ते आकडा सांगायचे. आम्ही पोट धरून हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

याच वर्षभर त्यांचे थोरले भाऊ दुसऱ्या मजल्यावर, खोली चौदामध्ये होते. अर्धांगवायूने वाचा गेलेली, उजवा हात तेवढा थोडा हलायचा. आईवडील लवकर गेल्यावर दादांनीच धाकट्याला वाढवलेलं. स्वतःची शाळा सोडली आणि याची पूर्ण करवली. आपल्या नोकरीमुळे दादाला इथे जागा मिळाली, याचं मास्तरांना कोण समाधान. रोज जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन वीस मिनिटं बसायचे. दादा त्यांचा तळवा पकडून अंगठ्याने दाबत राहायचे. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. "अजून ओळखतो मला," असं म्हणत मास्तर खाली येऊन लाल झालेला तळवा दाखवायचे.

एका सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास दादा गेले. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, झोपेतच गेले, शांतपणे, बटणसुद्धा दाबलं नाही. मास्तरांना त्याचा फार आधार वाटला. भेटायला येईल त्याला तेच सांगत होते, त्रास झाला नाही हो त्याला, बटणसुद्धा दाबलं नाही.

बुधवारी मशीनने मान टाकली. वॉर्डात औषधांची यादी उघडेना. रजेवरच्या मास्तरांना फोन करून मीच बोलावून घेतलं, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. ते आले, स्क्रीनकडे बघितलं आणि चक्रावले. सोमवारी सकाळीच तर बारा जीबी मोकळे केले होते. खादाडबाईंनी आठवड्याचं खाणं दोन दिवसांत संपवलं होतं. नीट पाहिलं तर दोन दिवसही लागले नव्हते. फाइल सोमवारी दुपारीच फुगली होती.

मास्तरांनी ती बाहेरच्या डिस्कवर घेतली, ड्राइव्ह मोकळा केला, वॉर्डाची यादी सुरू करून दिली. मग बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फाइल उघडली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. प्रोग्रामची खोड अशी, की बटण दाबल्यावर वर कोणी उत्तर दिलं नाही, तर उत्तर मिळेपर्यंत तो सेकंदाला दहा वेळा ऐंशीच्या ऐंशी खाटांची हालहवाल लिहीत बसायचा. एकोणऐंशी खाटा शांत होत्या. खोली चौदापुढे लिहिलं होतं, बोलावलं, उत्तर नाही. एक वाजून दहा मिनिटांपासून चार वाजून छप्पन्न मिनिटांपर्यंत. मधूनमधून 'पुन्हा दाबलं' अशी ओळ यायची. आधी मिनिटामिनिटाला, मग पाच-पाच मिनिटांनी. साडेतीननंतर ती एकदाही नव्हती.

मास्तर त्या दिवशी एक वाजता वरून खाली आले होते. पुढचा सगळा वेळ आम्ही दोघं त्या मशीनपासून चार हातांवर बसून काम करत होतो.

मास्तरांनी उजव्या अंगठ्याने डावा तळवा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग म्हणाले, "तो मला बटण दाखवत होता गं. वर्षभर."

मी वर जाऊन आले. सिस्टरांच्या टेबलावरच्या बेलच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबून वरून चिकटपट्टी मारलेली होती. चाळीस खाटांना दोन बायका, दोघींच्या डोळ्यांखाली काळं. मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

व्यवस्थापकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एका दिवसाच्या नोंदीने काय सिद्ध होतं, म्हणाले, मशीनचीही चूक असू शकते; आधीच्या फायली आणा, मग बघू. आधीच्या फायली मास्तरांनी स्वतःच्या हाताने पन्नास सोमवार पुसल्या होत्या. आठवड्याला चार-चार तासांच्या हाका. त्यांतल्या दादांच्या किती, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

चौकशी मिटली. मास्तरांनी नोकरी सोडली. मला वरून सांगण्यात आलं, बटणांची नोंद लिहिणंच बंद करा, म्हणजे ड्राइव्ह भरायचा नाही. मी बंद केलं. मला घर चालवायचं होतं. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. व्यवस्थापकांनी शाबासकी दिली आणि मी ती घेतलीही.

महिन्याभराने मास्तरांना भेटायला गेले. दाढी वाढली होती, दुपारीही खिडक्या लावलेल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ड्राइव्ह भरतो का गं अजून?"

"नाही," मी म्हटलं. "चिकार जागा आहे."

या कामात त्यांचे केस पांढरे झाले होते. ते माझ्याकडे बघत राहिले. "लिहिणं बंद केलंस," म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मग माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर अंगठा दाबला. दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मी हात सोडवून घेईपर्यंत ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालाही न विचारता मी नोंद पुन्हा सुरू केली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फाइल तीन जीबी झाली होती. मी ती उघडली. या वेळी खोली बावीस होती, आणि खाली नवीन ओळी येतच होत्या. मी डबा तसाच ठेवून जिन्याकडे निघाले.