गोधडीतलं कार्ड

रागावणं हा माझा स्वभावच आहे. उपकेंद्राची नर्स म्हणून बारा वर्षं झाली, भिसेगावच्या घरातून निघताना नवरा रोज विचारतो, आज कुणाची पाळी? पण जनाला मी आजवर फार तर तीनदा रागावले असेन, आणि त्यातलं तिसरं मला अजून सलतं.

जना म्हणजे माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली आमची आशाताई. सातवी शिकलेली, अंगानं काटकुळी. मी स्कूटर लावून पायवाट चढेपर्यंत ती दोनदा वर जाऊन आलेली असते. वाडीतल्या कुठल्या पोराला कधी कुठली लस, हे तिला तोंडपाठ. तरी दरवर्षी एक घोळ ठरलेला. भात झोडून झालं की निम्मी वाडी खालापूरकडच्या वीटभट्ट्यांवर जायची आणि पोरांची लसीची कार्डं इथेच राहायची. मग तिकडच्या नर्सला कळणार कसं, कुणाला काय द्यायचं ते?

यावर जनानं उपाय काढला. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पोराच्या गोधडीच्या कोपऱ्यात शिवून टाकायची, वाचायला एक बाजू उघडी ठेवून. भांडंकुंडं विसरेल, पण पोराची गोधडी कोण विसरेल? पावसात घरं गळतात म्हणून चार महिने कार्डं तिच्या पत्र्याच्या पेटीत राहायची. दसरा झाला की ती सुईदोरा घेऊन घरोघर बसायची. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मी ही युक्ती इतक्या ऐटीत सांगितली होती, जणू मलाच सुचली होती.

गेल्या मार्चमध्ये वाडीत गोवर निघाला, नागूच्या तीन वर्षांच्या नातवाला. त्या पोराला नागूनं कधी टोचू दिलं नव्हतं. जनानं किती खेटे घातले असतील त्याला हिशेब नाही. सोमवारी अंगावर पुरळ दिसलं तशी घरच्यांनी दारात कडुलिंबाचा डहाळा अडकवला आणि सगळे गप्प बसले. घरात बाया, म्हणजे गोवराच्या देवी, आल्या की बाहेर बोलायचं नाही, परक्याला आत घ्यायचं नाही आणि सुई तर नाहीच नाही, अशी रीत. जनानं डहाळा पाहिला आणि मला फोन केला.

बुधवारी सकाळी मी लसीचा डबा घेऊन वर गेले. राहिलेल्या पोरांना टोचलं, नागूच्या नातवाला औषध दिलं आणि नागूला फैलावर घेतलं. तेव्हा कुठे तो बोलला. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तो नातवाला घेऊन भट्टीवर जैतूकडे गेला होता. पोराला तेव्हाच ताप होता. जैतूच्या धाकट्या मुलीशेजारी, तिच्याच गोधडीवर ते तासभर झोपलं होतं.

जैतू आणि त्याची बायको सोनुबाई आमच्याच वाडीतली. त्यांची मोठी हर्षला चार वर्षांची आणि ही धाकटी दहा महिन्यांची. जनानं लगेच सोनुबाईला फोन लावला. ती म्हणाली, काळजी करू नका, गेल्या महिन्यात तिकडच्या सिस्टरांनी गोधडीतलं कार्ड बघितलं, गोवराच्या रकान्यातही शिक्का आहे, हिचं सगळं झालंय असं सांगून गेल्या. आमचा जीव भांड्यात पडला. मी यादीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

दुपारी एकच्या पुढे जनाच्या घरी भाकरी खायला बसलो. उरलेली कार्डं यादीशी ताडून बघावीत म्हणून तिनं पेटी ओढली आणि बोलता बोलता थांबली. तिच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. आत नवं करकरीत कार्ड, गोवराचा रकाना रिकामा, आणि पिशवीला टोचून ठेवलेली सुई, दोरा ओवलेला.

"सिस्टर, धाकटीचं काड हितंच हाय," ती म्हणाली.

मला समजायला एक क्षण लागला. जैतूचं कुटुंब मुकादमाच्या टेंपोतून ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच गेलं होतं. हे कार्ड शिवायचं राहिलं, आणि मागाहून पाठवू म्हणता म्हणता जना विसरली. मग भट्टीवर होतं ते कार्ड कुणाचं? नव्या बाळाला नवं कापड लावत नाहीत, थोरल्याच्याच जुन्यात गुंडाळतात. धाकटी हर्षलाच्या गोधडीत वाढत होती, आणि त्या गोधडीत जनानं तीन वर्षांपूर्वी शिवलेलं, पुढे उसवायचंच राहून गेलेलं हर्षलाचं कार्ड होतं. बारशाआधी भरलेलं म्हणून मुलीचं नाव नाही, वर आईबापाचं नाव तेच. जन्मतारीख दवानं आणि काजळीनं पुसली असणार. त्या नर्सला तरी काय दोष द्यायचा?

दोष मी जनाला दिला, तोंडाला येईल तसा. तुझ्या भरवशावर मी खूण केली, म्हणाले, आणि मीटिंगमध्ये तुझे गोडवे गायले. मी थांबल्यावर तिनं एवढंच विचारलं, की अजून वेळ आहे का.

वेळ होता, पण थोडा. गोवराच्या पोराशी गाठ पडल्यापासून तीन दिवसांच्या आत लस गेली तर आजार टळायची आशा असते. रविवारचे चार म्हणजे आजचे चार. तिकडचा लसीचा दिवस शुक्रवारी होता. डब्यात एक कुपी न फोडलेली होती. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले निघा.

जना डबा मांडीवर घेऊन मागे बसली. दहिवली ओलांडली, पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे वीस मिनिटं गेली. आरशात तिचे ओठ हलताना दिसत होते, देवाचं नाव घेत असावी. भट्टीवर पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

सोनुबाई चिखलाच्या हातांनी उठून आली. मी लसीचं नाव काढताच तिनं पोरीला छातीशी धरलं. एकदा टोचलेलं परत कशाला? शिवाय नागूच्या घरच्या बाया हिच्या गोधडीवरून उठून गेल्यात, आता सुई लावली तर कोप होईल. वाडीच्याच चार बायका जमल्या आणि सगळ्यांनी तिचीच री ओढली. मी समजावलं, मग आवाज चढवला. त्यानं काय व्हायचं! साडेतीन झाले.

तेव्हा जना पुढे झाली. अकरा वर्षं त्या बायकांनी तिच्या शब्दावर आपली पोरं पुढे केली होती.

"त्ये काड हर्षलाचं हाय," ती म्हणाली. "हिचं माज्या पेटीत ऱ्हायलं. चूक माजी हाय, सोनू. तुज्या पोरीला गवराची सुई मिळालीच नाय."

सोनुबाई तिच्याकडे बघत राहिली.

"मंग आता तुजं कसं खरं मानू?"

"नको मानूस. पर सुई लावू दे. बायांचा कोप झाला तर माज्या घरावर येवू दे, माज्या पोरांवर."

असली भाषा एरवी मी खपवून घेतली नसती. त्या दिवशी मी नुसता डबा उघडला. सोनुबाईनं पोरीचा उजवा दंड उघडा केला. चार वाजायला अठरा मिनिटं होती. आजार काही घड्याळ लावून बसत नाही हे मला कळतं, पण मी घड्याळ पाहिलं. कुपी उघडलीच होती, तर भट्टीवरच्या आणखी तीन पोरांना टोचलं. जना पेटीतून आणलेलं कार्ड शिवायला खाली बसली, तर सोनुबाईनं गोधडी ओढून घेतली. आत्ता नको, म्हणाली.

नवव्या दिवशी जैतूचा फोन आला. पोरीला ताप भरला होता. लसीनंही त्या सुमाराला ताप येतो आणि गोवरही त्याच सुमाराला वर येतो. कुठला, ते मी फोनवर काय सांगणार? जना मिळेल त्या गाडीनं गेली. दोन दिवस ती त्यांच्या झोपडीबाहेर बसून होती. सोनुबाईनं तिला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दर दोन तासांनी जना पोरीच्या कानामागे बघायची, कारण पुरळ आधी तिथे उठतं. ती मला फोन करून म्हणायची, अजून काय नाय. मी भीतीनं पुढचं विचारायची नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुरळ आलंच नाही. तरी तीन आठवडे भरेपर्यंत मी मोकळा श्वास घेतला नाही. ते भरले तेव्हा जनाबरोबर मी भट्टीवर गेले. तिची माफी मागायची असं रस्ताभर ठरवत होते; जमलं नाही, अजून जमलेलं नाही.

सोनुबाईनं आतून गोधडी आणून जनाच्या पुढ्यात टाकली. जनानं जुनं कार्ड उसवलं, नवं पिशवीत घातलं आणि सुई हातात घेतली, तसा सोनुबाईनं तिचा हात धरला.

"आदी वाचून दाव. मंग शिव."

जनानं आईचं नाव वाचलं, बापाचं वाचलं, जन्मतारीख वाचली, मग एकेक लस. गोवराच्या रकान्यात माझ्या अक्षरात त्या बुधवारची तारीख होती. ती ओळ सोनुबाईनं तिला दोनदा वाचायला लावली, आणि मग गोधडीचा कोपरा स्वतः ताणून धरला.