भुताला दिलेलं घर

मालिकेतल्या भुताचं घर कुठे आहे, हे मालिकावाल्यांनाच ठाऊक नव्हतं. मी फोन करून विचारलं, तर पलीकडचे गृहस्थ हसले. "ताई, घर कुठलं घेऊन बसलात, सेट आहे तो. तुम्ही मनाने लिहा की."

मी बुलढाण्यात एका शाळेत मराठी शिकवते आणि दिवाळी अंकांसाठी भुताच्या गोष्टी लिहिते. भुतांवर माझा विश्वास नाही, संपादकांवर आहे. त्यातल्याच एकाने माझं नाव एका प्रकाशकाला सुचवलं. टीव्हीवर एक मालिका जोरात चालली होती. एका घरात एक बाई मरूनही राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला छळते, एवढाच मालिकेचा जीव. पण लोक जेवणं आटोपून तिच्यासाठी बसत होते. त्या मालिकेच्या जोडीने प्रकाशकाला कादंबरी हवी होती. मालिका जिथे सुरू होते त्याच्या आधीची गोष्ट, म्हणजे ती बाई जिवंत असतानाची.

मी सगळे भाग पाहून काढले. घर कोकणातलं म्हणून सांगितलेलं. आपल्याकडे भुतांनी कोकणाबाहेर राहायचं नाही असा काही नियम असावा. मी कोकण पाहिलेलं नाही, आणि त्या सेटवर तर विश्वास ठेवायची सोय नव्हती. एका भागात जिना डावीकडे, तर पुढच्या भागात उजवीकडे. टीव्हीवर हे खपतं, कादंबरीत खपत नाही. वाचक अंधारात चालत असतो. जिना कुठे आहे ते त्याला कळलं तरच तो त्याच्यावरून पडेल.

मला डोळे मिटून चालता येईल असं घर एकच होतं. डोणगावातलं, माझ्या माहेराला लागून असलेलं, काकूंचं. काकू नात्याने कोणी नाहीत, शेजारच्या. घरही काही भुताटकीचं नाही. साधं दोन मजली, बाहेरून जिना, दारात चिकू, ओसरीवर करकरणारा झोपाळा. वरच्या खिडकीचं एक दार हिरवं आणि एक निळं. त्यांच्या अंगणाची आणि आमच्या अंगणाची भिंत एकच, हात वर केला की पलीकडे वाटी देता येते एवढी. मी ते घर उचललं आणि जसंच्या तसं कादंबरीत ठेवलं. खिडकीचे दोन रंगही सोडले नाहीत. खरं तर तेच मला फार आवडले.

घर घेतलं तिथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण भीतीला आवाज लागतो.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. संध्याकाळी टिपऱ्या घेऊन पोरींचा घोळका घरोघर जातो, गाणी म्हणतो आणि शेवटी खिरापत ओळखतो. घरातली बाई खाऊ झाकणाच्या डब्यात घालून आणते आणि डबा वाजवून दाखवते. आवाजावरून ओळखायचं आत काय आहे. ओळखता आलं नाही तर "हरलो" म्हणायचं, मग डबा उघडतो. काकूंना मूलबाळ नाही. तरीही त्या दरसाल भुलाबाई बसवायच्या, आणि त्यांची खिरापत गावात कोणाला ओळखू यायची नाही. शेंगदाणे फडक्यात बांधतील, लाह्यांत दोन खडे खडीसाखर टाकतील, लाडवांखाली पापड घालतील. म्हणून आम्ही त्यांचं घर शेवटी ठेवायचो. डबा कानाशी धरून काकू म्हणायच्या, "ओळखा पाहू." आम्ही चुकलो की त्यांचा चेहरा असा फुलायचा की आम्ही कधीकधी ओळखूनही हरायचो. काका गेले त्या वर्षीही त्यांनी भुलाबाई बसवली होती. वर्षातला तो एकच महिना त्यांच्या घरात पोरींचा गलका असायचा.

मी तो डबा भुताच्या हातात दिला.

माझ्या कादंबरीतली बाई भिंतीपलीकडून डबा वाजवते. "ओळखा पाहू," म्हणते. डबा रिकामा असतो, तरी वाजतो. जी पोर उत्तर देते ती पुन्हा दिसत नाही. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला आणि मी स्वतःवर खूश झाले. प्रकाशकाने ते पान मालिकावाल्यांना दाखवलं, आणि त्यांनी तो डबा मालिकेतही घेतला. मग काय, गावोगावच्या टीव्हीतून काकूंचा डबा वाजायला लागला.

"हे घर खरंच आहे का हो?" प्रकाशकाने विचारलं होतं. मी आहे म्हणाले. "मग मुखपृष्ठावर टाकू, एका खऱ्या घराची गोष्ट." तिथे नको म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मेहकरला वाचनालयात कार्यक्रम झाला, तिथे तर मी कळसच केला. घर कुठे आहे असं कोणीतरी विचारलं. मी माइक जवळ ओढून म्हणाले, "आपल्याच तालुक्यात आहे. ओळखा पाहू." सभागृह हसलं. मीही हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ओळखायला कितीसा वेळ लागतो? हिरव्या-निळ्या दारांची खिडकी अख्ख्या तालुक्यात एकच. आईचा फोन आला.

"तुह्या भुतानं काकूचं घर गिळलं वं," ती म्हणाली. "पोट्टे मोबाइल घेऊन फाटकापाशी येऊन राह्यले. काल एक जण भिताडावरून डोकावत होता. म्हातारी धुणं वाळू घालत होती तं किंचाळत पळाला."

मला हसू आलं. लपवण्यात अर्थ नाही, आधी हसूच आलं. पुस्तक पार गावापर्यंत पोचलं, हा पहिला विचार. आईने फोन ठेवला तेव्हा माझं हसू थांबलं.

भुलाबाई बसल्यावर मी डोणगावला गेले. त्या संध्याकाळी पोरींचा घोळका आमच्या अंगणात आला, गायला, आईच्या डब्यातला चिवडा पहिल्याच झटक्यात ओळखून मोकळा झाला. मग रस्त्यावर गेला. काकूंच्या फाटकाशी आल्यावर पोरींनी एकमेकींचे हात धरले आणि पळतच पुढे गेल्या. काकू ओसरीवर उभ्या होत्या. नवं लुगडं, हातात डबा. पोरी पुढच्या घरात शिरेपर्यंत त्या पाहत राहिल्या, मग डबा घेऊन आत गेल्या. आई माझ्याकडे पाहत नव्हती. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. झोपाळ्यावर माझं पुस्तक होतं, मधलं पान दुमडलेलं. काकूच बोलल्या.

"खिडकी बराबर लिवली तू. हिरवा रंग सरला होता, म्हणून तुह्या काकानं निळा आणला. मी बोंबलली होती त्यायच्यावर. आता वाचून बरं वाटलं."

"काकू, माह्यं चुकलं."

"चुकलं काय त्यात? गोष्ट हाय ते." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "एकच सांग मले. मी कधी रिकामा डबा वाजवला का वं?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी विषय बदलला, आईच्या गुडघ्यांचं विचारलं. रागावल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पाया पडून मोकळी झाले असते. त्यांनी मला चहा दिला. तो मी कसा प्यायले ते माझं मला माहीत.

दुपारी शाळा सुटल्यावर मी पोरींना गाठलं. सगळं मीच रचलंय, तशी कोणी बाई नाही, काकू तुमच्याच आहेत, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. वर्गात ज्या आवाजात व्याकरण शिकवते त्याच आवाजात. दोन वेण्यांची एक पोर शांतपणे म्हणाली, "पण आत्या, पुस्तकावर तं खरं घर लिवलं हाय. तुमीच लिवलं ना?" गावची लेक म्हणून मी त्या सगळ्यांची आत्या. आत्या एकदा खोटं बोलली हे त्यांना उमगलं होतं, फक्त कधी बोलली ते कळत नव्हतं.

मग तोड आईने काढली. पोरी तिकडे जात नाहीत तर काकूंची खिरापत इकडे येऊ दे. भिंतीवरून डबा घ्यायचा, आपला म्हणून वाजवायचा. पोरी हरल्या आणि खाऊ तोंडात पडला की सांगायचं, ही काकूंची. तोंड गोड झाल्यावर भीती कुठे राहते? मला ते पटलं. खरं म्हणजे काहीतरी करतेय असं वाटायला मला ते हवंच होतं. काकूंना विचारलं तर त्या आधी नको म्हणाल्या. "जिची भुलाबाई तिच्याच घरी खिरापत, बाई." मग जरा वेळाने म्हणाल्या, "पण ऐकू तं येईन ना मले, इकडून?"

संध्याकाळी डबा भिंतीवरून आला. आत काय आहे ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. पोरी गायल्या, बसल्या. मी डबा वाजवला. आतून अगदी बारीक, सरकल्यासारखा आवाज आला. "फुटाणे." नाही. "मुरमुरे." नाही. "बत्तासे, आत्या." नाही. पोरी पुढे सरकल्या, एकमेकींना गप्प करायला लागल्या, डबा माझ्या हातातून घेऊन कानाला लावायला लागल्या. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटलं. वेण्यावाल्या पोरीने डबा जोरजोरात हलवला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, हसू दाबलेला, लाडाचा. "अवं हळू हालवा, पोरीहो. ओळखा पाहू."

शब्द न् शब्द माझा होता. म्हणजे त्यांचाच होता, पण पोरींच्या कानांना तो माझ्या भुताचाच होता. एक किंचाळली आणि मग सगळ्याच. टिपऱ्या तिथेच टाकून घोळका रस्त्याला लागला. दोघीतिघी रडत होत्या. डबा अंगणात पडला, पण झाकण घट्ट होतं, उघडलं नाही. आई त्यांच्यामागे हाका मारत फाटकापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

मी डबा उचलून काकूंकडे गेले. त्या भिंतीला लागून, स्टुलावर बसल्या होत्या. नीट ऐकू यावं म्हणून स्टूल तिथे आणलेलं. अंगावर कालचंच नवं लुगडं होतं. ओसरीवर भुलाबाईपुढे दिवा लावलेला होता.

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला.

"माह्यीच चूक झाली वं," काकू म्हणाल्या. "मी बोलायले नोको होतं. तुह्या पुस्तकात बाई बोलली की पोरी पळतात, हे मी वाचलं होतं. ध्यानात नाही राह्यलं."

मी खाली बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माफी मागायला मी आले होते आणि मागितली त्यांनी. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या, झालं ते झालं, असं काहीबाही बोलत राहिल्या. काकूंचं मी याहून वाईट काही करू शकले नसते.

मग त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, पदराने त्याची माती पुसली आणि पुन्हा माझ्यासमोर धरला. झाकणावरचा हात मात्र काढला नाही.

मी डबा त्यांच्या हातासकट कानाशी नेऊन हलवला. आवाज आला, बारीक, सरकल्यासारखा. मी तीळ म्हणाले, खसखस म्हणाले, साखर म्हणाले. काकू प्रत्येक वेळी मान हलवत होत्या आणि मधूनमधून फाटकाकडे पाहत होत्या. मला खरंच ओळखता येत नव्हतं. तरी मी "हरलो" म्हणाले नाही. म्हटलं असतं तर डबा उघडला असता आणि त्यांचा या वर्षीचा खेळ तिथेच संपला असता.